खनिज, खडक, धातू, रत्न: दगड ओळखायचा तो कशावरून?

अश्मक

नमस्कार मंडळी. दगडांचे फोटो टाकून 'हे काय असेल?' असं विचारणारे प्रतिसाद अधूनमधून येत असतात. मी भूशास्त्र शिकवतो, त्यामुळे उत्तर द्यायला हात शिवशिवतात. पण फोटोवरून फार काही सांगता येत नाही, आणि विचारणारे बहुतेक जण रंगापाशीच अडकलेले असतात. हिरवा दिसला की पाचू, पिवळा चमकला की सोनं, आरपार दिसलं की हिरा. खनिजांच्या बाबतीत रंगाइतका बेभरवशाचा साक्षीदार दुसरा नाही. म्हणून हा स्वतंत्र धागा काढतोय.

आधी शब्द नीट करून घेऊ. खनिज म्हणजे निसर्गात तयार झालेला घन पदार्थ, ज्याची रासायनिक घडण ठरलेली असते आणि ज्यातले अणू नियमाने मांडलेले असतात. यातली शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्वालामुखीतून बाहेर पडलेला लाव्हा झटक्यात थंड झाला की अणूंना रांगेत बसायला वेळच मिळत नाही आणि ऑब्सिडियन नावाची काळी काच तयार होते. ती नैसर्गिक आहे, घन आहे, पण खनिज नाही. तो खडक.

खडक म्हणजे बहुतेक वेळा खनिजांचा समूह. ग्रॅनाइटचा नुकता फुटलेला तुकडा उन्हात धरून सावकाश फिरवा. काही दाणे राखाडी, काचेसारखे दिसतील आणि कुठल्याही कोनात सपाट चमकणार नाहीत. ते क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी. काही दाणे गुलाबी किंवा पांढरे असतील आणि फिरवताना एका विशिष्ट कोनात लख्खकन चमकून लगेच मंद होतील. ते फेल्डस्पार. त्याला ठरावीक प्रतलांत फुटायची सवय असते, भूशास्त्रात तिला 'पाटन' म्हणतात. आणि सुईच्या टोकाने ज्याचे पापुद्रे सुटतात ते अभ्रक. एका मुठीएवढ्या दगडात तीन खनिजं, आणि तिन्ही रंगापेक्षा फुटण्याच्या पद्धतीवरून जास्त खात्रीने ओळखू येतात.

धातू हा मूलद्रव्यांचा प्रकार आहे. सोनं, चांदी, तांबं, प्लॅटिनम काही ठिकाणी शुद्ध रूपात सापडतात, तेव्हा ते धातूही असतात आणि खनिजही. बाकीचे बहुतेक धातू ऑक्सिजन, गंधक वगैरेंशी जखडलेले असतात. रत्न हा तर भूशास्त्रातला वर्गच नाही. सुंदर, टिकाऊ आणि दुर्मिळ म्हणून माणसाने निवडलेली ती वस्तू आहे. मोती आणि पोवळं प्राण्यांपासून येतात, अंबर म्हणजे झाडाची जुनी, घट्ट झालेली राळ.

आता मुद्द्याचं. भूकवचाच्या वजनात सुमारे ४६ टक्के ऑक्सिजन आणि २८ टक्के सिलिकॉन आहे. म्हणजे जवळपास तीन चतुर्थांश भाग या दोघांनीच व्यापला. तरीही जगात आजवर मान्य झालेली खनिजं ६,००० च्या आसपास आहेत. एवढी विविधता आली कुठून? मांडणीतून. एक सिलिकॉन आणि भोवती चार ऑक्सिजन असा एक चौफलक असतो. हे चौफलक सुटे राहिले तर ऑलिव्हीन, एकेरी साखळीत गुंफले तर पायरॉक्सीन, दुहेरी साखळीत अँफिबोल, पत्र्यासारखे पसरले तर अभ्रक, आणि चारही कोपरे शेजाऱ्यांशी जोडून जाळं झालं तर क्वार्ट्झ किंवा फेल्डस्पार. अभ्रकाचे पापुद्रे निघतात ते त्याच्या आत अणूंचे पत्रे आहेत म्हणून. बाहेरून दिसणारी जवळजवळ प्रत्येक सवय आतल्या मांडणीतून येते.

प्रश्न विचारा. जमेल तसं उत्तर देईन, इतरांनीही भर घालावी.

रानवारा

मस्त सुरुवात. एक बाळबोध शंका: मग बर्फ खनिज धरायचा का? नैसर्गिक आहे, घन आहे, स्फटिकही असतो.

अश्मक

बाळबोध अजिबात नाही. हो, नैसर्गिक बर्फ अधिकृत यादीत खनिज म्हणूनच आहे. हिमनदी त्या हिशेबाने चक्क एक खडक ठरते, आणि ती दाबाखाली वाहते, वळते, तिच्या दाण्यांची फेररचना होते ते रूपांतरित (उष्णता-दाबाने बदललेल्या) खडकांसारखंच. पाणी मात्र खनिज नाही, कारण द्रवात नियमित मांडणी नसते. याला एक जुना अपवाद आहे: निसर्गात थेंबांच्या रूपात सापडणारा पारा द्रव असूनही खनिजांत धरला जातो.

चांदणचुरा

माझ्या मुलीकडे दगडांची पेटी भरत चालली आहे. रंगावर जायचं नाही हे पटलं, पण घरच्या घरी करता येतील अशा परीक्षा कोणत्या? प्रयोगशाळा नाही, सूक्ष्मदर्शक नाही.

सुतारपक्षी

मी हौशी संग्राहक आहे, माझा क्रम सांगतो. पहिली परीक्षा काठिण्याची. फ्रीडरिश मोस यांनी १८१२ मध्ये दहा खनिजांची उतरंड लावली: संगजिरं, जिप्सम, कॅल्साइट, फ्लुओराइट, ॲपटाइट, ऑर्थोक्लेज, क्वार्ट्झ, पुष्कराज, कुरुविंद आणि शेवटी हिरा. नख साधारण अडीचवर बसतं, काच साडेपाचच्या आसपास. दगडाचं टोक काचेच्या निकामी तुकड्यावर दाबून ओढायचं. काच टेबलावर सपाट ठेवायची, हातात धरायची नाही. रेघ उमटली की लगेच निष्कर्ष काढू नका, आधी बोटाने पुसून बघा. मऊ दगड काचेवर स्वतःचीच भुकटी सोडतो आणि ती ओरखड्यासारखी दिसते. पुसल्यावर गेली तर दगड मऊ, राहिली तर काच कापली गेली. पांढरी गारगोटी आणि पांढरं कॅल्साइट एवढ्यावरच वेगळे होतात.

दुसरी परीक्षा कसाची. चिनीमातीच्या फरशीची मागची, चकाकी नसलेली बाजू घ्या आणि त्यावर दगड घासा. भुकटीचा रंग दगडाच्या रंगापेक्षा कितीतरी विश्वासू असतो. हेमॅटाइट या लोहखनिजाचा तुकडा काळा, पोलादासारखा चकचकीत असला तरी फरशीवर तांबूस तपकिरी रेघ येते. पायराइट सोन्यासारखं दिसतं, पण त्याचा कस हिरवट काळा. सोन्याचा कस पिवळाच. फरशीपेक्षा कठीण खनिजं मात्र रेघ सोडत नाहीत, उलट फरशीच खरवडतात.

अश्मक

+१. यात मी वि. गु. म्हणजे विशिष्ट गुरुत्वाची (तेवढ्याच आकारमानाच्या पाण्यापेक्षा दगड किती पट जड) भर घालतो, कारण ही परीक्षा आकडा देते आणि आकड्याशी वाद घालता येत नाही.

एक डिजिटल वजनकाटा घ्या. दगड कोरडा असताना वजन करा. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्य करा. दगडाला बारीक दोरा बांधून तो पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असा लोंबकळत धरा. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढ्या ग्रॅम पाण्याची जागा दगडाने घेतली. कोरड्या वजनाला या आकड्याने भागलं की झालं. समजा दगड ५३ ग्रॅमचा आहे आणि काट्याने २० दाखवले, तर उत्तर २.६५, आणि तो क्वार्ट्झचा आकडा आहे. दगडाला चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटाने पुसून टाका, नाहीतर उत्तर कमी येतं. सच्छिद्र दगडाला ही रीत लागू नाही.

पायराइटचा आकडा ५ च्या आसपास येतो, शुद्ध सोन्याचा १९.३. शिवाय पायराइटवर हातोडी मारली तर चुरा होतो, सोनं चपटं होतं. मुलीला आधी क्वार्ट्झ, कॅल्साइट आणि हेमॅटाइट एवढेच तीन नमुने नीट हाताळू द्या. ओळखीची खनिजं हातात बसली की अनोळखी लगेच खटकतात.

कसोटी

रत्नपरीक्षेच्या क्षेत्रात काम करते, म्हणून रंगाविषयी चार ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

शुद्ध कुरुविंद, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचा स्फटिक, रंगहीन असतो. त्यात थोडे ॲल्युमिनियमचे अणू हटून त्यांच्या जागी क्रोमियम बसलं की माणिक होतं. लोह आणि टायटॅनियम जोडीने आले की निळा नीलम. माणिक आणि नीलम ही एकाच खनिजाची दोन रूपं आहेत.

आता बेरिल हे दुसरं खनिज घ्या. त्यात तेच क्रोमियम शिरलं की रंग लाल न होता हिरवा होतो आणि तयार होतो पाचू. मूलद्रव्य एकच, एकीकडे लाल, दुसरीकडे हिरवं! कारण भोवतालचे अणू क्रोमियमला किती घट्ट धरतात यावर ते प्रकाशातला कोणता भाग शोषणार हे ठरतं. मांडणी बदलली, रंग बदलला. अश्मकजींच्या मुद्द्याला याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

रंगावर विसंबल्याने काय होतं याचं ठळक उदाहरण ब्रिटिश राजमुकुटात पुढेच बसवलेलं आहे. 'ब्लॅक प्रिन्सचं माणिक' म्हणून शतकानुशतकं मिरवलेलं ते रत्न माणिक नाहीच, तो स्पिनेल हे वेगळंच खनिज आहे. स्पिनेलमध्ये मॅग्नेशियमही असतं आणि त्याची स्फटिकरचना पूर्ण वेगळी. माणकात शिरलेला प्रकाश दोन किरणांत फुटतो, त्यामुळे हे दोन किरण शेजारी दाखवणाऱ्या डायक्रोस्कोप या छोट्या उपकरणातून पाहिलं की शेजारशेजारच्या दोन चौकटींत लाल रंगाच्या दोन छटा दिसतात: एक जांभळ्याकडे झुकणारी, दुसरी नारिंगीकडे. स्पिनेल कसाही फिरवा, दोन्ही चौकटी सारख्याच. कुठलंही रसायन न लावता, दगडाला ओरखडा न काढता हा निवाडा होतो. पैलू पाडलेल्या रत्नावर कृपा करून काठिण्याची परीक्षा करू नका.

पायवाट

कसोटीताई, सुंदर प्रतिसाद. मग जांभळा ॲमेथिस्ट तापवला की पिवळा होतो म्हणतात, ते खरं का?

कसोटी

खरं आहे. ॲमेथिस्ट म्हणजे क्वार्ट्झच. त्यात किंचित लोह असतं आणि आसपासच्या खडकांतल्या नैसर्गिक किरणोत्साराने त्या लोहाची अवस्था बदललेली असते, म्हणून जांभळा रंग. भट्टीत तापवलं की ती अवस्था मोडते आणि बऱ्याच दगडांत पिवळा किंवा नारिंगी रंग येतो. बाजारातला बराचसा पिवळा सिट्रीन असाच तयार झालेला असतो. माणिक-नीलम तापवून रंग सुधारणंही नेहमीचं आहे. फक्त ते विकताना सांगितलं गेलं पाहिजे, आणि या बाबतीत मी अजिबात तडजोड करत नाही.

निळासावळा

हिऱ्याबद्दल कुणीच कसं बोललं नाही? सगळ्यात कठीण, कशानेही न फुटणारा. कोळसा लाखो वर्षं दाबला गेला की हिरा होतो, बरोबर ना?

अश्मक

दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही समजुती फार पसरलेल्या आहेत.

आधी फुटण्याचं बघू. काठिण्य म्हणजे ओरखड्याला विरोध. घाव सोसण्याची ताकद वेगळी, तिला चिवटपणा म्हणू. हिऱ्याला चार दिशांना पाटन आहे. नेमक्या दिशेने घाव बसला तर तो सरळ दुभंगतो, आणि हिरे घडवणारे कारागीर शतकानुशतकं याचाच उपयोग करत आले आहेत. उलट नेफ्राइट जातीचा जेड मोसच्या उतरंडीत सहा-साडेसहावर आहे, पण त्याचे सूक्ष्म तंतू एकमेकांत इतके गुंतलेले असतात की तो फोडता फोडता दमछाक होते.

आता कोळसा. हिरा म्हणजे शुद्ध कार्बन आहे हे खरं. स्मिथसन टेनंट यांनी १७९७ मध्ये हिरा जाळून, त्यातून किती कार्बन डायऑक्साइड निघतो हे मोजून ते सिद्ध केलं. पण दगडी कोळसा जमिनीवरच्या वनस्पतींपासून बनतो आणि तो भूकवचाच्या वरच्या थरांत असतो. बहुतेक हिरे १०० कोटी ते ३५० कोटी वर्षं जुने आहेत, म्हणजे जमिनीवर वनस्पती यायच्या कितीतरी आधीचे. ते साधारण १५० किलोमीटरच्याही खाली, प्रावरणात, म्हणजे भूकवचाखालच्या थरात, तयार झाले. किंबर्लाइट नावाचा शिलारस (वितळलेला खडक) त्यांना फार वेगाने वर घेऊन आला. हा वेग नसता तर वाटेतच त्यांचं ग्रॅफाइट झालं असतं.

पेन्सिलीतलं ग्रॅफाइटही शुद्ध कार्बनच. त्यात अणूंचे पत्रे एकमेकांवर सैल रचलेले, म्हणून ते कागदावर उतरतं. हिऱ्यात प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांना चहूबाजूंनी घट्ट जोडलेला. घनता ग्रॅफाइटची २.२ च्या आसपास, हिऱ्याची ३.५. रसायन तेच, दगड दोन.

निळासावळा

वा! ३५० कोटी वर्षं म्हणजे पृथ्वीच्या वयाच्या तीन चतुर्थांश. पण हे वय मोजतात कसं? हिऱ्यात तर फक्त कार्बन आहे.

अश्मक

हिऱ्याच्या पोटात अडकलेल्या दुसऱ्या खनिजांच्या बारीक कणांवरून. किरणोत्सारी मूलद्रव्यं ठरलेल्या गतीने क्षय पावतात, तोच काळ मोजायचा आधार. या कामातला माझा आवडता स्फटिक मात्र झिरकॉन. तो तयार होताना युरेनियमला जागा देतो आणि शिशाला जवळजवळ पूर्ण नाकारतो. त्यामुळे नंतर आत सापडणारं बहुतेक शिसं युरेनियमच्याच क्षयातून आलेलं असतं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समधले काही झिरकॉन ४४० कोटी वर्षांचे आहेत. ज्या खडकात ते जन्मले तो कधीच झिजून गेला. हे कण वाळूत मिसळले, त्या वाळूचा पुन्हा खडक झाला आणि तरी ते शाबूत राहिले. पृथ्वीचं वय साधारण ४५४ कोटी वर्षं धरतात, त्यावरून अंदाज घ्या.

रानवारा

धातूंकडे वळतो. भूकवचात ५ टक्के लोखंड आणि ८ टक्के ॲल्युमिनियम आहे असं वाचलंय. मग खाणी शोधत फिरायचं कशाला? कुठलाही दगड उचलून वितळवला तर?

सुतारपक्षी

कारण लोखंड 'आहे' आणि लोखंड 'मिळतं' यात फरक आहे. बेसॉल्टमध्ये लोह भरपूर असतं, पण ते सिलिकेटच्या, म्हणजे सिलिकॉन-ऑक्सिजनच्या, जाळ्यात अडकलेलं. सोडवायला लागणारी ऊर्जा कशानेच भरून निघत नाही. हेमॅटाइटमध्ये वजनाने सुमारे ७० टक्के लोह असतं आणि ते ऑक्सिजनपासून तुलनेने सहज सुटतं. जे खणून काढणं परवडतं तेच धातुक.

अश्मक

अगदी नेमकं. भर एवढीच, की धातुक बनायला निसर्गाने विखुरलेला धातू आधी एका जागी गोळा करावा लागतो. सोन्याचंच घ्या. भूकवचात सरासरी एक टन खडकामागे सुमारे ४ मिलिग्रॅम सोनं आहे. खाण चालायला टनामागे साधारण ग्रॅमभर तरी लागतं. म्हणजे शेकडो पट एकवटीकरण हवं. हे काम बहुधा गरम पाणी करतं. खोलवरचं काही शे अंश तापमानाचं पाणी दाबामुळे उकळत नाही, भेगांतून फिरतं आणि गंधकाच्या संयुगांच्या मदतीने सोनं विरघळवून घेतं. भेग एकदम रुंदावली, दाब पडला, पाणी उकळलं की सोनं सोबत राहू शकत नाही. ते क्वार्ट्झबरोबर भेगेतच बसतं. गारगोटीच्या शिरांमध्ये सोनं सापडतं ते म्हणून. पुढे ती शीर झिजली की जड सोनं नदीच्या वळणावर, प्रवाह मंदावतो तिथे तळाशी साठतं.

लोहाची गोष्ट आणखी जुनी. प्राचीन समुद्रात लोह विरघळलेल्या रूपात होतं. सूक्ष्मजीवांनी ऑक्सिजन सोडायला सुरुवात केल्यावर ते गंजून तळाशी बसत गेलं. लाल-करड्या पट्ट्यांचे ते लोहखडक बरेचसे १८० ते २५० कोटी वर्षांपूर्वीचे आहेत आणि आजचं बहुतांश पोलाद त्यांच्यापासूनच येतं. आपण वापरतो ते लोखंड प्राचीन सूक्ष्मजीवांनी सोडलेल्या ऑक्सिजनमुळे साठलेलं आहे, हे मला वर्गात दरवर्षी सांगताना तितकंच भारावून टाकतं.

ॲल्युमिनियमला उष्ण, पावसाळी हवामान लागतं. पाऊस खडकातलं बाकी सगळं धुऊन नेतो आणि मागे बॉक्साइट उरतं. बॉक्साइट हे एक खनिज नसून मिश्रण आहे, म्हणजे खडक. त्यातून धातू काढायची विजेची स्वस्त रीत १८८६ मध्ये हॉल आणि एरू यांनी वेगवेगळी शोधली. त्याआधी सर्वत्र असलेलं हे मूलद्रव्य धातूच्या रूपात दुर्मिळ होतं.

चांदणचुरा

लेकीचा प्रश्न: बहुतेक ठिकाणची वाळू गारगोटीचीच का असते? भूकवचात तर फेल्डस्पार जास्त आहे असं वाचलंय.

अश्मक

शाबास! तिला सांगा, हा प्रश्न भूशास्त्राच्या गाभ्याचा आहे. शिलारस थंड होताना खनिजं एका क्रमाने स्फटिकतात, हे नॉर्मन बोवेन यांनी प्रयोगांनी दाखवलं. ऑलिव्हीन सर्वांत आधी, प्रचंड उष्णतेत. क्वार्ट्झ सर्वांत शेवटी. पृष्ठभागावर आल्यावर झिजण्याचा क्रमही साधारण तोच. जे जास्त तापमानात जन्मलं ते इथल्या हवा-पाण्यात लवकर मोडतं. किंचित आम्लधर्मी पावसाने फेल्डस्पारची हळूहळू चिकणमाती होते. क्वार्ट्झला तो फारसं काही करू शकत नाही. नदी समुद्राला मिळेपर्यंत टिकून राहतं ते क्वार्ट्झ. जिथे प्रवास छोटा आणि खडक ताजा, तिथे वाळू वेगळी दिसते. हवाईत एका किनाऱ्यावर ऑलिव्हीनची हिरवी वाळू आहे.

रानवारा

कसोटीताई, प्रयोगशाळेत बनवलेलं माणिक खरं की खोटं?

कसोटी

काच म्हणजे नक्कल. प्रयोगशाळेतलं माणिक हे रसायन आणि मांडणी दोन्ही बाबतींत माणिकच, पण निसर्गात तयार झालेलं नाही म्हणून खनिज नाही. व्हर्नॉय यांनी ज्योतीत भुकटी वितळवून माणिक वाढवायची रीत १९०२ मध्ये जाहीर केली. तसल्या दगडात भिंगाखाली बारीक वक्र रेषा दिसतात, कारण तो थेंबाथेंबाने गोल माथ्यावर वाढतो. नैसर्गिक स्फटिकाच्या वाढीच्या रेषा सरळ असतात आणि कोनात वळतात. वक्र रेषा दिसली की माझ्यापुरता विषय संपतो.

सुतारपक्षी

'खरं' शब्दावर मी थोडा अडेन. संग्राहक म्हणून मला त्या वक्र रेषेच्या दगडात रस नाही, कारण तो पृथ्वीबद्दल काहीच सांगत नाही. पण घालणाऱ्याला फक्त लाल रंग आणि टिकाऊपणा हवा असेल तर त्यात कमी काय?

कसोटी

काहीच कमी नाही. नाव सांगून विका, एवढंच.

पायवाट

एक नमुना विचारायचा होता. राखाडी, ताज्या फुटीवर आरशासारखी चमक. फुटला तेव्हा बारीक तुकडेही काटकोनातच पडले. वरच्या रीतीने मोजलं: कोरडं वजन १५० ग्रॅम, पाण्यात काट्यावर २०. म्हणजे ७.५. पायराइटसुद्धा घनाकृती असतं ना?

अश्मक

मोजणी छान केलीत. पायराइटचे घन हे वाढलेले स्फटिक असतात. फोडलं तर आतून ते काटकोनात फुटत नाही. तुमचा दगड फुटतोच काटकोनात, आणि ७.५ हा आकडा जवळपास एकाच सामान्य खनिजाकडे बोट दाखवतो: गॅलेना, शिशाचं सल्फाइड. वजनाने सुमारे ८६ टक्के शिसं. कस करडा-काळा येईल. तो एकदाच, हलक्या हाताने घ्या आणि ओल्या फडक्याने फरशी पुसून टाका. भुकटी उडू देऊ नका, तापवू तर अजिबात नका, हात साबणाने धुवा आणि लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा. सोबत चिठ्ठीवर सापडल्याची जागा आणि भोवतालचा खडक लिहून ठेवा. जागा माहीत नसलेल्या नमुन्याचा अभ्यासाला फारसा उपयोग नसतो.

पायवाट

कस करडा-काळाच आला. त्याच दगडाला एका बाजूने पांढरी शीर आहे, तिने काचेवर ओरखडा उठत नाही. तिरके, चौकटीसारखे तुकडे पडतात.

अश्मक

मग ते कॅल्साइट असण्याची शक्यता मोठी. पांढऱ्या भागाचा एक कण गॅलेनापासून पूर्ण वेगळा करून घ्या आणि त्यावर व्हिनेगरचा थेंब टाकून भिंगातून बघा. आम्ल गॅलेनाला लागू देऊ नका. व्हिनेगर सौम्य असतं, त्यामुळे बुडबुडे बारीक आणि सावकाश येतील. नाहीच आले तर तो कण चुरून पुन्हा बघा. डोलोमाइट असेल तर चुरल्यावरच दाद देतं, तीही कमी. काय दिसलं ते इथे लिहा.